बिशप व्हायला अर्ज कुठे करायचा?

प्रश्न ठाण्यातल्याच एका मुलीचा आहे. ती एमपीएससीचा अभ्यास करते, तिच्या शाळेतला एक वर्गमित्र गोरेगावच्या सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक फादर घडवणाऱ्या विद्यालयात, गेलाय आणि त्याची आई सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलीय की माझा मुलगा एक दिवस बिशप होणार. तर हिला जाणून घ्यायचंय की बिशप व्हायला परीक्षा कुठली, किमान वय किती, पगार किती, प्रमोशन कसं मिळतं, बदली कोण करतं, रिटायर कधी होतात, आणि बिशप म्हणजे कलेक्टर आणि आर्चबिशप म्हणजे विभागीय आयुक्त असं धरलं तर चालेल का.

बेटा, तुलना अगदीच वाईट नाहीये, पण ती कुठे कुठे फसते ते सांगतो. आधी माझी ओळख. मी १९८१ पासून फादर आहे, आता रिटायर्ड, ठाण्यातच राहतो, सकाळी तलावपाळीला फेरी मारतो. कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा शिकलो, मग धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या हद्दीतली सगळी चर्चेस म्हणजे एक धर्मप्रांत) ऑफिसात आणि विवाह न्यायालयात बरीच वर्षं फायलींमध्ये गेली. पिमेंटा, डायस, ओस्वाल्ड ग्रेशियस आणि आता रॉड्रिग्ज असे मुंबईचे चार आर्चबिशप पाहिले, त्यातल्या काहींच्या सह्यांसाठी कागद घेऊन दाराबाहेर ताटकळलोय. स्वतः बिशप झालो नाही, कोणी विचारलंही नाही, आणि खरं सांगू का, बरंच झालं.

आता परीक्षा आणि अर्ज. फादर व्हायला अर्ज असतो. सेमिनरीत आठ-दहा वर्षं जातात, तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, मधे एखादं वर्ष चर्चमध्ये प्रत्यक्ष काम, आणि शेवटी डीकन (फादरच्या आधीची पायरी) आणि फादर होण्याआधी उमेदवाराने स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं की मी हे माझ्या मर्जीनं करतोय, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, याची जबाबदारी काय ते मला कळतं. टाइप केलेलं चालत नाही, स्वतःचं अक्षर आणि खाली सही. मला चर्चच्या कायद्यातला हा नियम फार आवडतो कारण आईच्या आग्रहामुळे आलेली पोरं नेमकी इथे अडखळतात. पण बिशप व्हायला असा कुठलाच अर्ज नाही. जाहिरात नाही, मुलाखत नाही, मेरिट लिस्ट नाही, आणि मला बिशप व्हायचंय असं कोणी बोलून दाखवलं तर त्याचं नाव तिथेच कटलं असं समज.

पात्रता मात्र लिहिलेली आहे. वय किमान ३५, फादर होऊन किमान ५ वर्षं, बायबल, धर्मशास्त्र किंवा कॅनन लॉमध्ये डॉक्टरेट किंवा त्याच्या खालची लायसेन्शिएट, निदान त्या विषयात खरोखर जाणकार तरी, आणि मग शहाणपण, चारित्र्य, लोकांत चांगलं नाव वगैरे, जे कुठल्याच सर्टिफिकेटवर येत नाही. प्रत्यक्षात ३५ चा कोणी होत नाही बहुधा. आताचे आपले आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज १९६७ चे, १९९८ ला फादर झाले, २०१३ ला सहाय्यक बिशप, म्हणजे पंचेचाळिशीत, आणि हे लवकरच म्हणायचं.

निवड कशी होते ते ऐक. एका प्रांतातले, म्हणजे शेजारच्या काही धर्मप्रांतांच्या गटातले, बिशप मिळून दर तीन वर्षांनी तरी एक यादी करतात, हे हे फादर पुढे बिशप होण्यासारखे आहेत अशी, आणि ती दिल्लीला पोपच्या राजदूताकडे जाते. त्याला नुन्सिओ म्हणतात. कुठली जागा रिकामी झाली की नुन्सिओ गुपचूप चौकशी सुरू करतो. पाकिटं जातात, त्यात एक लांबलचक प्रश्नावली. तब्येत कशी आहे, कामाचा उरक किती, घरात आनुवंशिक आजार आहे का, स्वभाव कसा, पैशाचा व्यवहार चोख आहे का, प्रार्थना करतो का नुसती करवून घेतो (हे शब्द माझे), लोक ऐकतात का, चर्चच्या शिकवणीबद्दल काय बोलतो. ही पाकिटं फक्त फादर लोकांना नाही, सिस्टर्सना आणि साध्या संसारी माणसांनाही जातात. मलाही एकदा आलं होतं. कोणाबद्दल ते मरेपर्यंत सांगता येणार नाही, त्याला पोंटिफिकल सिक्रेट म्हणतात, उत्तर लिहायचं, प्रश्नावली परत पाठवायची, झेरॉक्स ठेवायची नाही. तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं मी ते. ज्याच्याबरोबर दहा वर्षं एका टेबलावर जेवलो त्याचा राग कसा आहे हे प्रामाणिकपणे लिहिणं सोपं नसतं.

मग नुन्सिओ तीन नावं रोमला पाठवतो, ती तीन नावांची यादी म्हणजे तेर्ना. भारतातल्या आपल्यासारख्या लॅटिन, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या, धर्मप्रांतांच्या फायली तिथे सुवार्ताप्रसाराच्या खात्याकडे जातात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून प्रोपागांडा फिदे हेच नाव आहे, आणि शेवटी पोप ठरवतात. तीनपैकी एक घ्यायचं असं त्यांच्यावर बंधन नाही. आणि मग एक दिवस कुठल्यातरी फादरला फोन येतो की पोपनी तुमची नेमणूक केलीय, तुम्ही स्वीकारता का.

नाही म्हणता येतं का? येतं. लोक म्हणतातही, फक्त ते आपल्याला कधीच कळत नाही. आणि हो म्हटलं तरी जाहीर होईपर्यंत सख्ख्या भावाला सांगायचं नाही. मला एका बिशपने पुढे सांगितलं की त्याने सकाळी हो म्हटलं आणि संध्याकाळी पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला बसला, तिथे पुढच्या वर्षीच्या फीस्टला मंडप कोणाचा घ्यायचा यावर तासभर वाद चाललेला, आणि हा आपण तिथे नसणार हे माहीत असून मन लावून भांडत होता कारण गप्प बसला असता तर संशय आला असता. बातमी जाहीर होते रोमच्या दुपारी १२ वाजता, आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे दुपारी साडेतीन-साडेचारला बिशप हाउसमध्ये सगळ्यांना चहाला बोलावलं की जाणकार लोक ओळखतात काय ते.

त्यानंतर अभिषेक, नेमणुकीचं पत्र हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. वसईत हा सोहळा झाला तर मैदान लागतं, घरटी माणूस येतो, बायका लाल लुगडी नेसून येतात. आधी पोपचं आज्ञापत्र सगळ्यांसमोर वाचतात, ते दाखवल्याशिवाय पुढे काही होत नाही, सरकारी ऑर्डरसारखंच. मग होणारा बिशप जमिनीवर पालथा झोपतो आणि संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेत केलेली प्रार्थना, चालते, मग किमान तीन बिशप एकेक करून डोक्यावर हात ठेवतात, आणि तेव्हा कोणी काही बोलत नाही, बँड नाही, गाणं नाही, हजारो माणसांत टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. त्यानंतर दोन डीकन शुभवर्तमानाचं पुस्तक उघडं करून त्याच्या डोक्यावर छपरासारखं धरतात आणि मग प्रार्थना म्हणतात. डोक्याला क्रिझमचं तेल, बोटात अंगठी, डोक्यावर मायटर म्हणजे उंच टोपी, हातात क्रोझियर म्हणजे मेंढपाळाची काठी.

त्या काठीची एक गंमत. ती तीन तुकड्यांची असते, पेचानं जोडायची, आणि लांब पेटीत ठेवतात. काही वर्षांपूर्वी एक बिशप आमच्याकडे दृढीकरणाला येणार होते, म्हणजे मुलांचं कन्फर्मेशन, जे साधारणपणे बिशपच देतात. घोडबंदर रोडला ट्रक उलटलेला, गाडी हलेना, इकडे शंभर-सव्वाशे पोरं पांढऱ्या कपड्यांत घामाघूम. शेवटी बिशप गाडीतून उतरले, गल्लीतून रिक्षा केली, मांडीवर ती पेटी. रिक्षावाल्याने विचारलं, बँडमध्ये काय वाजवता काका? ते म्हणाले, बासरी. पोहोचले तेव्हा आम्ही पेच लावायला घेतले तर मधला तुकडा गाडीतच राहिलेला, मग त्यांनी अर्ध्या काठीनं सोहळा केला आणि पोरांना वाटलं हे बिशप तरुण आहेत म्हणून काठी लहान.

आता तुझी कलेक्टरची तुलना. बिशप होणं म्हणजे वरच्या ग्रेडला जाणं असं लोकांना वाटतं, आणि बिशपच्या वर आर्चबिशप, त्याच्या वर कार्डिनल, त्याच्या वर पोप अशी शिडी डोळ्यासमोर येते. दीक्षेच्या हिशेबानं पायऱ्या तीनच आहेत, डीकन, फादर, बिशप. आर्चबिशप हा बिशपच, कार्डिनल म्हणजे पोप निवडणाऱ्यांपैकी एक, तीसुद्धा वेगळी दीक्षा नाही, आणि पोप म्हणजे रोमचा बिशप. वसई, नाशिक आणि पुणे हे धर्मप्रांत मुंबईच्या प्रांतात मोडतात पण मुंबईचा आर्चबिशप वसईच्या बिशपची बदली करू शकत नाही, त्याच्या कारभारात रोज लक्ष घालू शकत नाही, त्याच्या फादरना ऑर्डर काढू शकत नाही. विभागीय आयुक्त इथे फसला. उलट उदाहरणही आहे, फेलिक्स मच्याडो व्हॅटिकनमधे आंतरधर्मीय संवादाच्या खात्यात काम करून २००८ ला नाशिकला आले आणि २००९ ला वसईला, त्यांना आर्चबिशप ही पदवी वैयक्तिक होती, वसई काही महाधर्मप्रांत झाला नाही.

आपापल्या धर्मप्रांतात मात्र बिशप म्हणजे एकाच खुर्चीत तिन्ही. तू राज्यघटनेत सत्तेचं विभाजन शिकतेस ना, तर चर्चमध्ये ते नाही, नियम करणारा तोच, कारभार चालवणारा तोच आणि न्यायाधीशही तोच. विवाह न्यायालयात आम्ही बसायचो ते त्याच्या नावानं बसायचो. २०१५ पासून तर पोप फ्रान्सिसनी विवाह रद्दबातल ठरवायची एक छोटी प्रक्रिया आणली, ज्यात नवरा-बायको दोघं राजी असतील आणि पुरावा ढळढळीत असेल तर निकाल स्वतः बिशप देतो. एवढी सत्ता, आणि तरी चर्चच्या मागचा अर्धा गुंठा विकायचा म्हटलं तर घाम फुटतो. धर्मप्रांताच्या अर्थसमितीची संमती, सल्लागार फादरांच्या मंडळाची संमती, रक्कम मोठी असेल तर रोमची परवानगी, आणि हे सगळं झालं तरी चॅरिटी कमिशनर, कारण आपल्याकडे चर्चच्या मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या आहेत आणि कलम ३६ सगळ्यांना सारखंच. मी पाहिलेल्या बिशपांचा सगळ्यात जास्त वेळ कशात जात असेल तर जमीन, शाळा आणि कोर्टाच्या तारखा यांत. आणि बदल्यांत.

बदल्यांचं एक सांगतोच. दरवर्षी फादर लोकांच्या बदल्यांची यादी निघते आणि बिशपचं खरं शहाणपण मला नेहमी तिथे दिसलं, प्रवचनात नाही. कोणता फादर कोणाबरोबर राहू शकणार नाही, कोणाची आई आजारी आहे म्हणून त्याला लांब पाठवायचं नाही, कोणत्या चर्चला मराठी येणारा हवाय कारण तिथे सकाळची मिस्सा आगरी-कोळी बायका भरतात, कोण दारू सोडून नुकताच सावरलाय त्याला एकटं ठेवायचं नाही. एका बिशपच्या डायरीत नावांच्या पुढे असं पेन्सिलीनं लिहिलेलं मी पाहिलंय. पेन्सिलीनंच, कारण माणसं बदलतात असं ते म्हणायचे. त्यांनी एकदा माझी बदली मला न विचारता केली तेव्हा मात्र मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

तू नवी मुंबईत क्लासला जातेस म्हणून हेही ऐक, एका बिल्डिंगमध्ये बिशप वेगवेगळे असू शकतात. ठाणे, नवी मुंबई, रायगड हे मुंबई महाधर्मप्रांतात. वसईची खाडी ओलांडली की वसई धर्मप्रांत, तो १९९८ ला मुंबईतून वेगळा झाला. पण नेरुळच्या त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या परंपरेतलं, असेल तर ते कल्याण महाधर्मप्रांताखाली, जो धर्मप्रांत म्हणून १९८८ ला झाला, आणि त्यांचे बिशप निवडण्यात त्यांच्या स्वतःच्या सिनडचा म्हणजे बिशपांच्या सभेचा हात असतो, मी वर सांगितलेली तेर्नाची पद्धत तिथे तशी लागू नाही. श्रद्धा तीच, पोप तेच, पण परंपरा वेगळी आणि फाइल वेगळ्या टेबलावर.

पगार. पगार नाहीच असं समज. फादरला भत्ता असतो, बिशपलाही, राहणं-जेवण-गाडी धर्मप्रांताची, आजारपण धर्मप्रांताचं. घर मोठं दिसतं, अंगठी सोन्याची दिसते, म्हणून लोकांना वाटतं काय थाट. त्या मोठ्या घरातल्या एका बिशपच्या खोलीत मी गेलोय, एक कॉट, एक पंखा, औषधांचा डबा आणि चारी भिंतींना फायली.

आता करिअर म्हणून विचारतेस तर माणसं बघ, कारण प्रत्येकाची वाट वेगळी. आणि सुरुवात ठाण्यापासूनच होते हे ठाण्यातल्या माणसांनाच माहीत नसतं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. त्यांच्याबरोबर जॉर्डानस नावाचा एक फ्रेंच डॉमिनिकन होता जो नेमका तेव्हा गावाबाहेर होता म्हणून वाचला. त्याने त्या चौघांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं, इथल्या हालअपेष्टांची पत्रं युरोपला पाठवली, आणि पुढे १३२९ ला पोप जॉन बाविसावे यांनी त्याला क्विलॉनचा म्हणजे आजच्या कोल्लमचा बिशप नेमलं. भारतातला पहिला लॅटिन बिशप. म्हणजे त्याचा बायोडाटा असता तर आधीची पोस्टिंग ठाणे, आणि अनुभव या रकान्यात चार मित्रांची प्रेतं उचलली. प्रवचनात हे सांगितलं की पोरं झोपेतून उठतात.

मग तीनशे वर्षांनी गोव्याचा मातेउश द कास्त्रो. हा गोव्यातला ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती, गोव्यात त्याला फादर करायला पोर्तुगीज तयार नाहीत, तर हा पठ्ठ्या रोमला गेला, तिथे फादर झाला, आणि १६३७ ला बिशप. इकडे परत आला तर गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्याचे कागद मानले नाहीत, म्हणून त्याने बस्तान बसवलं आदिलशाही मुलखातल्या डिचोलीत. त्याचं सगळंच वागणं काही संतासारखं नव्हतं, पोर्तुगीजांवरचा राग त्याला फार लांब घेऊन गेला, पण मला त्याची बाजू कळते.

पोर्तुगाल आणि रोम यांचं हे भांडण मुंबई-ठाण्यातही लई वर्षं चाललं. एकाच भागात दोन बिशपांची हद्द, काही चर्चेस पोर्तुगीज पाद्रोआदोची, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या हक्काखालची, आणि काही थेट रोमच्या प्रोपागांडाची, दोघांचे फादर, दोघांची माणसं, लग्नं जुळवताना ती कटकट वेगळीच. ते मिटलं १९२८ मध्ये आणि तोडगा काय निघाला तर आर्चबिशप आळीपाळीनं, एक पोर्तुगीज, एक ब्रिटिश. भारतीय या हिशेबात कुठेच नाही! पहिला आला जोआकिम लिमा, पोर्तुगीज. दुसरा १९३७ ला थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज जेझुइट, लिव्हरपूलमधल्या एका चर्चचा प्रमुख, मुंबईशी संबंध शून्य. पण या माणसाबद्दल मला फार आदर आहे. त्याला दिसलं की देश स्वतंत्र होणार आणि आपल्यानंतर करारानुसार पुन्हा पोर्तुगीज येणार, तर त्याने १९४६ ला व्हॅलेरियन ग्रेशियस या भारतीय फादरला सहाय्यक बिशप करवलं आणि कारभार त्याच्या हाती देऊन स्वतः मुंबईबाहेर निघून गेला, पदावर राहून. १९५० ला करारातली ती आळीपाळी गेली, रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ ला ते भारताचे पहिले कार्डिनल. १९६४ ला पोप पॉल सहावे मुंबईला आले, भारतात आलेले पहिले पोप, तेव्हा यजमान ग्रेशियसच होते.

त्यांच्यानंतर सायमन पिमेंटा, मरोळचे, आमच्या ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले. १९७८ ते १९९६ आर्चबिशप, १९८८ ला कार्डिनल. माझ्या तरुणपणी तेच. मग आयव्हन डायस, वांद्र्याचे, पण सगळं आयुष्य पोपच्या परराष्ट्र सेवेत, घाना, कोरिया, आणि १९९१ ला अल्बेनिया, जिथे १९६७ पासून धर्म पाळायलाच बंदी होती आणि ती नुकती उठलेली, म्हणजे शून्यातून उभं करायचं. तिथून थेट मुंबई, आणि मुंबईहून २००६ ला रोमला त्याच खात्याचे प्रमुख म्हणून जिथे आपल्या बिशपांच्या फायली जातात. ओस्वाल्ड ग्रेशियस कॅनन लॉवाले, आमच्याच पंथातले म्हणायचे, १९९७ ला सहाय्यक बिशप, २००० ला आग्र्याचे आर्चबिशप, २००६ ला परत मुंबई, २००७ ला कार्डिनल, आणि २०१३ ला पोप फ्रान्सिसनी सल्ल्यासाठी जगभरातून निवडलेल्या आठ कार्डिनलांत एक.

आणि थॉमस डाबरे. तू मराठी माध्यमातली म्हणून मुद्दाम सांगतो. वसईच्या भुईगावचे, १९७१ ला फादर, पीएचडी केली तुकाराम महाराजांच्या ईश्वरानुभवावर. १९९० ला मुंबईचे सहाय्यक बिशप, १९९८ ला वसईचे पहिले बिशप, २००९ ला पुण्याला. बिशपला मराठी येणं आणि बिशपने मराठीत विचार करणं यात किती अंतर आहे ते ज्याने इंग्रजी परिपत्रकांची भाषांतरं केलीत त्याला विचार. मी केलीत. वसई वेगळी झाली तेव्हा आमचं ते काम निम्म्यावर आलं आणि वसईच्या लोकांना पत्र एकदम घरच्या भाषेत मिळायला लागलं.

सहाय्यक बिशपचं अजून एक मजेशीर. प्रत्येक बिशपला एक धर्मप्रांत लागतोच, आणि सहाय्यकाला स्वतःचा नसतो, म्हणून त्याला जुना, आता बंद पडलेला धर्मप्रांत नावाला देतात, बरेचसे उत्तर आफ्रिकेत वाळूखाली गेलेले. बिशप काम करणार वाशी-पनवेलच्या चर्चेसमध्ये आणि कागदावर तो अशा गावाचा बिशप जिथे आता बकऱ्याही नाहीत.

चुकलं तर काय, हे तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. खूप वर्षं याला धड उत्तर नव्हतं, तक्रार करायची कोणाकडे तर बिशपकडेच, आणि तक्रार बिशपबद्दलच असेल तर माणूस एकटा पडायचा. चर्चनं यात लोकांना, विशेषतः मुलांना आणि सिस्टर्सना, फार मोठं दुःख दिलंय आणि मी ऑफिसात होतो म्हणून मलाही त्यातून सुटका नाही. २०१९ ला पोपनी नियम आणला की लैंगिक शोषणाची किंवा ते दडपल्याची तक्रार बिशपविरुद्ध आली तर रोमला कळवायचं आणि चौकशी साधारणपणे प्रांताच्या आर्चबिशपकडे. आर्चबिशपला दुसऱ्या बिशपवर काही खरा अधिकार आहे तो बहुतेक इथेच. देशाचा कायदा, पोक्सो वगैरे, त्याच्या वरती आहेच.

राहिलं रिटायरमेंट. ७५ पूर्ण झाले की बिशपने पोपना राजीनाम्याचं पत्र द्यायचं असतं. बघ हं, डीकन आणि फादर होताना जे स्वतःच्या हातानं लिहिलं, त्यानंतर पदाबद्दलचं स्वतःहून लिहायचं पत्र हे. मधली सगळी वर्षं, हो म्हणण्यापलीकडे, त्याने काही मागितलेलं नसतं. आणि हे पत्र दिलं म्हणजे सुटला असंही नाही, कारण मंजूर कधी करायचं ते रोम ठरवतं. डाबरेंना २०२० ला ७५ झाली, मोकळे झाले २०२३ ला. ओस्वाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ ला ७५ चे झाले आणि राजीनामा मंजूर झाला २५ जानेवारी २०२५ ला, ८० उलटल्यावर. कार्डिनल ८० चा झाला की पोपच्या निवडणुकीत मत देता येत नाही, तर २०१३ च्या कॉन्क्लेव्हला ते आत होते आणि मे २०२५ च्या वेळी थोड्या महिन्यांनी चुकले. त्यांच्या जागी कोण हे दोन महिने आधीच जाहीर होतं, ३० नोव्हेंबर २०२४ ला पुण्याहून जॉन रॉड्रिग्जना कोअ‍ॅडज्युटर म्हणून आणलं होतं, म्हणजे असा सहाय्यक ज्याला पुढे तीच खुर्ची मिळणार हे नेमतानाच ठरलेलं. असा कोणी नसला तर खुर्ची रिकामी झाल्यापासून आठ दिवसांत सल्लागार फादर एक तात्पुरता प्रशासक निवडतात आणि तो नवीन काही करत नाही, फक्त गाडा चालू ठेवतो.

रिटायर झाल्यावर बिशप हा बिशपच राहतो, फक्त माजी. पिमेंटा १९९६ ला उतरले आणि २०१३ पर्यंत होते, सतरा वर्षं. काहींना हे जमतं, काहींना फोन वाजत नाही याचाच त्रास होतो. मी एका माजी बिशपना भेटायला जायचो, ते पहिली गोष्ट विचारायचे, यादी लागली का? बदल्यांची. मी म्हणायचो लागली, तर एकेक नाव विचारून मान हलवायचे किंवा नुसतं हं म्हणायचे, आणि मला त्या हं वरून कळायचं की ते असते तर कोणाला कुठे टाकलं असतं.

तुझ्या मित्राच्या आईला यातलं काही सांगू नकोस, तिला खुश राहू दे. त्याला मात्र एक निरोप दे, डीकन व्हायच्या आधी ते हातानं लिहायचं पत्र येईल ना, तेव्हा अक्षर बरं काढ म्हणावं. मी असली बरीच पत्रं वाचलीत आणि दोन-तीन पोरांनी नेमकं काय स्वीकारलं होतं ते मला भिंग लावूनही वाचता आलं नव्हतं.